हौशी नाटकासाठी मेकअप काय घ्यावा? (राज्य नाट्य स्पर्धा, नागपूर केंद्र, बजेट फार नाही)

त्रिमूर्तीनगरची_नाट्यवेडी

नमस्कार मंडळी. आमचा एक हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले, कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघं मिहानमध्ये, आणि रोज संध्याकाळी कॉलनीच्या समाजभवनात तालमी करून राहिलो. यंदा पहिल्यांदाच राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर दोन अंकी नाटक घेऊन उतरतोय. नाटक चांगलं बसलंय, नेपथ्य झालं, कपडे बहुतेक घरचेच आहेत, पण रंगभूषेपाशी येऊन गाडी अडली. आतापर्यंत गणपतीत, शारदोत्सवात एकांकिका केल्या तेव्हा घरचं कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक यावर भागून जायचं, पण इथे रंगभूषेचं वेगळं बक्षीस असतं, समोर परीक्षक बसलेले असतात, म्हणून यावेळी नीट करायचंय.

नाटक काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या घरातलं आहे. पहिल्या अंकात आई तिशीची, दुसऱ्यात तीच आई पासष्टीची, आणि भूमिका करणारी आमची मैत्रीण सव्वीस वर्षांची. मध्ये फक्त मध्यंतर, दहा-पंधरा मिनिटं. सरपंचाला भरघोस मिशी पाहिजे आणि करणारा मुलगा सफाचट. दुसऱ्या अंकात रात्रीचा मोठा प्रवेश आहे तो सगळा निळ्या लाइटमध्ये.

मेकअपसाठी सगळं मिळून चारेक हजार आहेत, व्यावसायिक रंगभूषाकार परवडणार नाही, त्यामुळे आम्हीच दोघी-तिघी करणार. यूट्यूबवर पाहिलं तर सगळं ब्रायडल आहे नाहीतर हॅलोविनची भुतं. तर बेस कोणता घ्यायचा, स्टिक की पॅनकेक? क्रायोलान घ्यावंच लागतं का? आणि म्हातारपण दहा मिनिटांत कसं आणायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

---

रंगपटातले_काका

ताई, आधी अभिनंदन. हौशी लोकं स्वतः हात लावून रंगभूषा करायचं म्हणतात हे ऐकूनच बरं वाटलं, कारण बहुतेक ग्रुप नाटकाच्या दिवशी पार्लरवालीला बोलावतात आणि मग बागायतदाराची बायको थेट रिसेप्शनहून आल्यासारखी दिसते.

दुकानात जायच्या आधी तुमच्या प्रकाशयोजना करणाऱ्याला भेटा. खरंच सांगतो, यादी नंतर करा. तो कोणते लाइट वापरणार, समोरून अंबर (पिवळट-नारिंगी) किती, निळा किती, एलईडी पार (डब्यासारखे स्टेजचे दिवे) आहेत की जुने हॅलोजन, हे कळल्याशिवाय घेतलेला मेकअप म्हणजे अंदाजपंचे. आपण घरी आरशासमोर ट्यूबलाइटमध्ये पाहतो तो चेहरा आणि स्टेजवरचा चेहरा यांचा काही संबंध नसतो. समोरून पिवळा लाइट जोरात पडला की चेहरा सपाट होतो, नाक-गाल-हनुवटी सगळं एका पातळीत येतं, आणि वरून पडला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो, मग नट कितीही डोळ्यांनी बोलत असला तरी मागच्या रांगेला दोन काळे खड्डे दिसतात. स्टेजवरचा मेकअप मुख्यतः याच्यासाठी आहे, लाइटने जे पुसलं ते परत आणायचं. सुंदर दिसणं हा त्याच्यातला छोटा भाग झाला.

प्रयोग कुठे आहे तेही विचारात घ्या. सायंटिफिक सभागृहात जेवढं पुरतं तेवढं वसंतराव देशपांडे सभागृहात पुरत नाही, आणि रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमची भुवई सुद्धा कष्टाने दिसेल. हॉल जेवढा खोल तेवढ्या रेषा ठळक, पण रंग बदलायचे नाहीत.

आता बेस. पॅनकेक म्हणजे ओल्या स्पंजने लावायची कोरडी वडी, मॅक्स फॅक्टरने १९३० च्या दशकात रंगीत सिनेमासाठी काढला तो प्रकार. पटकन लागतो, चमकत नाही, स्वस्त पडतो, पण घाम आला की ओघळ दिसतात आणि कोरड्या कातडीवर तडे जातात. स्टिक मलईसारखी असते, तिला पावडर लावावीच लागते, पण एकदा नीट बसली की दोन अंक हलत नाही. आपली स्पर्धा थंडीत असते, नागपूरच्या थंडीत तोंड तडतडतं, त्यामुळे माझं मत स्टिक. अर्धा तास आधी साधं मॉइश्चरायझर लावा, ते मुरू द्या, मग बेस. उन्हाळ्यात समाजभवनात प्रयोग असता तर वेगळं सांगितलं असतं.

क्रायोलान ही बर्लिनची कंपनी, १९४५ पासूनची, आणि त्यांची टीव्ही पेंट स्टिक आपल्याकडे रंगभूषाकारांच्या पेटीत असतेच असते. चांगली आहे म्हणूनच असते. एक स्टिक स्वस्त नाही, पण आठ-दहा जणांच्या ग्रुपला पुष्कळ प्रयोग पुरते. चार हजारात तीन स्टिका बसवा, एक उजळ, एक गव्हाळ, एक गडद. प्रत्येकासाठी वेगळी शेड घ्यायची गरज नाही, स्टीलच्या ताटलीत थोडं थोडं काढून मिसळा आणि प्रत्येकाच्या जबड्याच्या कडेला लावून पाहा, मानेत विरघळला पाहिजे. उजळ आणि गडद स्टिक म्हातारपणालाही तीच वापरायची, म्हणून तीनच सांगितल्या. बाकी ट्रान्सलुसंट (बिनरंगी) पावडर, तपकिरी आयब्रो पेन्सिल, एक मरून आणि एक विटकरी लिपस्टिक (हीच गालाला पण), मेकअपचाच पांढरा वॉटर कलर (चित्रकलेचा नाही), स्पंज, दोन-तीन ब्रश. काजळ-लायनर आपापलं. शिमर असलेलं काहीही पेटीत येऊ देऊ नका, लाइटमध्ये घाम आल्यासारखं चमकतं.

लावताना स्पंज फिरवायचा नाही, दाबत जायचा. फिरवला की पट्टे पडतात. पातळ थर, पाहिजे तिथे दुसरा. गालाचा लाल रंग मलईचा असेल तर पावडरच्या आधी, कोरडा असेल तर पावडरच्या नंतर, हे उलटं केलं की डाग पडतात आणि मग ते कशानेच निघत नाहीत. पावडर पफने दाबून दोन मिनिटं तशीच ठेवायची, मग मोठ्या ब्रशने झटकायची. कान आणि मानेची मागची बाजू कोणीच करत नाही, नट पाठमोरा झाला की गोरा चेहरा आणि सावळी मान दिसते.

आईचं म्हातारपण उद्या लिहितो, ते मोठं आहे.

---

प्रकाशझोत_ऑपरेटर

काकांशी शंभर टक्के सहमत, मी लाइट करतो म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. निळ्या प्रवेशात लाल रंग मरतो. लाल लिपस्टिक काळी दिसते, गालाची लाली मळ लागल्यासारखी दिसते. उलट लाल किंवा गडद अंबर लाइटमध्ये लाल लिपस्टिक गायबच होते, ओठ चेहऱ्यात मिसळून जातात. हिरव्यात तर लाल सगळंच काळपट. त्यामुळे जो प्रवेश महत्त्वाचा त्याच्या हिशेबाने ओठ ठरवा, आणि तुमच्या नाटकात रात्र मोठी आहे तर लालभडक काही नकोच, फिकट विटकरी ठेवा आणि थर पातळ.

तुमच्या लाइटवाल्याला एक विनंती करा की गडद निळा मागून आणि बाजूने टाक, समोरून स्टील ब्ल्यू सारखा फिक्का जिलेटिन (लाइटपुढे लावायचा रंगीत कागद) किंवा एलईडीवर निळ्यात थोडा पांढरा मिसळ. रात्र पण वाटते आणि चेहरे पण जिवंत राहतात. हे काम फुकटात होतं, त्याला मेकअपचा एक रुपया लागत नाही.

आणि रंगीत तालमीला फोनने फ्लॅश मारून फोटो काढाल तर चेहरे पांढरेफटक येतील, घाबरू नका. सनस्क्रीनवाल्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड असतं ते फ्लॅश परत फेकतं. स्टेजच्या लाइटमध्ये तसं होत नाही. पण पेपरवाला फोटो काढणार असेल तर एसपीएफवाला बेस टाळलेला बरा.

---

औषधवाली_धरमपेठ

मी फार्मासिस्ट आहे आणि बहीण नाटकात काम करते, त्यामुळे दोन्हीकडून बोलते. मेकअप कोणताही घ्या, महागडा घ्या की साधा, पण प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ठेवा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाहा, लाल झालं, खाज आली तर त्या माणसाला ते नको. मिशीचा गोंद आणि लिक्विड लेटेक्स (पातळ रबर) याची तर चाचणी केल्याशिवाय लावूच नका, लेटेक्सची अ‍ॅलर्जी कधीकधी फार वाईट निघते.

दुसरं, जुने लोक सांगतात ते सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग असे जुने रंग खोबरेल तेलात खलून लावायचे, ते आता कोणी हौसेने करून पाहू नका. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, मुरदाडशिंग शिशाचं, बाजारातल्या कितीतरी शेंदरात पण शिसंच असतं. नाटकात देवी आहे, कपाळ भरून शेंदूर पाहिजे, म्हणून देवळाबाहेरच्या दुकानातून पुडी आणून लावतात, ती घामासोबत डोळ्यात आणि तोंडात जाते. लाल-नारिंगी फेस पेंटने तेच दिसतं. मुलांच्या चित्रकलेचे अ‍ॅक्रेलिक रंग, पोस्टर कलर चेहऱ्यावर चालत नाहीत, डब्यावर नॉनटॉक्सिक लिहिलं असलं तरी नाही, ते कागदासाठी आहे.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. काजळ, लायनर, मस्कारा, लिपस्टिक प्रत्येकाचं वेगळं. एकाचे डोळे आलेले असले की एका काजळाच्या कांडीने अख्खी टीम प्रयोगाच्या आठवड्यात लाल डोळे घेऊन बसते, ओठावर पुटकुळ्या येणारा विषाणू पण असाच पसरतो. एकच लिपस्टिक सगळ्यांना लावायची असेल तर चाकूने तुकडा काढून ताटलीत घ्या आणि प्रत्येकाला नवीन इअरबडने लावा. स्टिक पण थेट चेहऱ्यावर घासू नका. स्पंज ज्याचा त्याला, नावाची चिठ्ठी लावून.

खरेदी करताना सील, बॅच नंबर, एक्सपायरी बघा. डुप्लिकेट माल भरपूर आहे. बर्डीवर (सीताबर्डीत) जा, इतवारीत ठोकवाल्याकडे जा, कुठेही जा, पण अर्ध्या किमतीत इम्पोर्टेड म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका, पक्कं बिल मागा.

---

वडश्याचा_भाऊ

ना जी, मिशीचं कोणीच सांगून नाही राहिलं म्हणून लिवतो. मी वडश्याकडला, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात पडद्यामागं पुष्कळ काम केलं. आमच्याकडं धान निंघाले का मंडया (गावच्या जत्रा) सुरू होते, दिवाळीपासून तं होळीपर्यंत, आन् नाटक रातच्याला सुरू होते ते पहाटपर्यंत चालते. तवा मिशी चार-पाच घंटे टिकली पाह्यजे, तुमच्या दोन अंकाचं काहीच नाही.

मिशी जाळीवर विणलेली तयार घ्या, क्रेपची (सुटी नकली) केसं चिटकवत बसू नोका, ते हात बसल्याशिवाय जमत नाही. ड्रेपरीवाल्याकडं (नाटकाचे कपडे देते त्याच्याकडं) भाड्यानं भेटते. गोंद म्हणजे स्पिरिट गम, घरातला कोणताच गोंद नोको, कातडी निंघन.

आता लावाचं कसं ते पाहा. पोरानं त्या दिवशी सकाळीच दाढी करून ठेवाची, लावाच्या घंटाभर आधी नाही, कापलेल्या जागी गोंद लय झोंबते. ओठाच्या वरच्या जागी बेस लावाचाच नाही, पावडर पण नाही, तेवढी जागा स्पिरिटनं पुसून कोरडी करा. गोंद ब्रशनं पातळ लावा, कातडीवरच, जाळीवर नाही. मंग थांबा. बोट लावून पाहा, तार सुटाले लागली का मिशी मधातून बसवा, नाकाच्या खालच्या खळीपाशी, मंग दोन्ही टोकं. ओल्या सुती फडक्यानं दाबून धरा. पोराले सांगा का आता मोठ्यानं हास, तोंड वाकडं कर, “आ” कर. हासताना टोक उचललं तं तिथं अजून एक थेंब. लोकं तोंड मिटून मिशी लावते आन् मंग पहिल्याच डायलॉगले एक बाजू लोंबते.

काढताना ओढाचं नाही. रिमूव्हर कापसावर घ्या, नाही भेटलं तं सर्जिकल स्पिरिट चालते, कडेपासून जाळी भिजवत भिजवत उचला, मंग खोबरेल तेल चोळा. मिशी पण स्पिरिटात धुऊन कागदावर पसरवून ठेवा, नाही तं दुसऱ्या प्रयोगाले जाळी कडक होऊन जाते.

मिशीच्या आन् भुवईच्या रंगाचा मेळ ठेवा. काळीभोर मिशी आन् तपकिरी केसं असं कोणत्याच सरपंचाचं नसते.

---

रंगपटातले_काका

वाह भाऊ, मिशीचं याहून नीट कोणी सांगणार नाही.

आता आईचं. दहा मिनिटांत तिशीची पासष्टीची करायची तर पहिल्या अंकाचा मेकअप काढायचाच नाही, त्याच्यावरच चढवायचं. म्हणजे पहिल्या अंकात तिचा बेस पातळ ठेवा, ओठ-गाल जेमतेम, डोळे मात्र नीट. मध्यंतरात आधी ओठांचा रंग टिशूने टिपून घ्या आणि त्यावर बेसचाच हलका थर द्या, वयाने ओठ बारीक आणि फिके होतात. तेवढ्याने पाच वर्षं वाढतात.

मग गडद स्टिक. तिला म्हणा तोंड आक्रसून घे, कपाळावर आठ्या घाल, डोळे बारीक कर. जिथे घड्या पडतील तिथेच रेषा, आपल्या मनाने काढायच्या नाहीत. काळ्या पेन्सिलीने कपाळावर तीन आडव्या रेघा ओढलेल्या आजीबाई मी स्पर्धेत अजूनही पाहतो आणि वाईट वाटतं, कारण नटी बिचारी जीव ओतून काम करत असते. रेषेला कधीही काळा रंग नाही, तपकिरीत चिमूटभर मरून मिसळा, सावलीचा रंग तो असतो. प्रत्येक गडद रेषेच्या शेजारी, वरच्या अंगाला, उजळ स्टिकची बारीक रेघ, आणि दोन्हीची बाहेरची कड बोटाने विरघळवा, मधली कड तशीच ठेवा. घडी दिसते ती या दोन रंगांच्या सीमेमुळे. नुसती गडद रेषा ही रेषाच दिसते.

पण रेषांपेक्षा खड्डे महत्त्वाचे, आणि मागच्या रांगेपर्यंत तेच पोचतात. कानशिलं आत गेलेली, गाल बसलेले, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात नाकालगत सावली, गळ्याच्या शिरा, हसलीच्या हाडांवरची खळी. वेळ कमी पडला तर रेषा सोडा आणि हे खड्डे करा. गालाचं हाड, भुवईचं हाड, नाकाचा दांडा यांवर उजळ. मग पुन्हा पावडर, कमी.

केसांना टाल्कम पावडर नको. दुसऱ्या अंकात मुलगा आईला मिठी मारणारच, पावडरीचा ढग उडतो आणि त्याचा खांदा पांढरा होतो. पांढऱ्या वॉटर कलरमध्ये थोडा पिवळट-तपकिरी मिसळा, कारण नुसता पांढरा निळ्या लाइटमध्ये निळाच दिसतो, आणि जुन्या टूथब्रशने कानशिलांवर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या दिशेने ओढा. सगळं डोकं पांढरं करू नका, पासष्टीत आपल्याकडे अंबाडा काळा आणि समोर पांढरं असं खूप दिसतं. भुवयांवर तोच ब्रश उलट्या दिशेने एकदाच.

हात! चेहरा पासष्टीचा आणि हात कॉलेजच्या मुलीचे असं होतं. बोटांच्या मधल्या खाचांत गडद, शिरांवर उजळ, नेलपॉलिश आधीच काढून ठेवा.

हे तिघींनी वाटून घ्या, एकीने चेहरा, एकीने केस, एकीने हात, आणि ती खुर्चीवर बसल्या बसल्या तिसऱ्या बाजूने साडी बदलायची तयारी. घड्याळ लावून सराव करा.

---

त्रिमूर्तीनगरची_नाट्यवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार! काका, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. भाऊ, मिशीवाला मुलगा तर तुमचा फॅन झालाय.

आता एक अडचण विचारते. ग्रुपमधले एक ज्येष्ठ सदस्य म्हणून राहिले की स्टेजवर सावळे चेहरे दिसत नाहीत, सगळ्यांना दोन शेड गोरा बेस लावा, पूर्वीपासून असंच करतात. आई करणारी मैत्रीण सावळी आहे, ती काही बोलली नाही पण तिचा चेहरा पडला. मला ते पटत नाही पण त्यांना काय सांगू ते सुचत नाही.

---

काळीसावळी_नटी

हे वाचून राहवलं नाही. मी सावळी आहे, गडदच म्हणा, आणि हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं कामं करते. गोरा बेस लावला की आपण गोरे दिसत नाही, राखाडी दिसतो. खालची कातडी आणि वरचा रंग यांचा मेळ बसत नाही, लाइटमध्ये चेहरा मुखवट्यासारखा होतो, हावभाव हरवतात. निळ्या प्रवेशात तर प्रेतासारखं दिसतं, आणि तुमचा निर्णायक प्रवेश निळाच आहे. त्या दादांना हे स्टेजवर लाइटखाली दाखवा, अर्ध्या चेहऱ्याला त्यांचा बेस, अर्ध्याला तिच्या रंगाचा, आणि त्यांना शेवटच्या रांगेत बसवा. भांडायची गरज पडणार नाही.

सावळा चेहरा दिसत नसेल तर ते काम लाइटचं आहे आणि थोडं उठावाचं आहे. बेस तिच्या मानेच्या रंगाचा किंवा अगदी किंचित उबदार, पिवळसर-सोनेरी अंगाचा घ्या. उजळ करायचं तिथे पांढरट गुलाबी स्टिक नको, तिच्याच रंगापेक्षा दोन पायऱ्या वरची पिवळसर शेड घ्या, गालाच्या हाडावर, भुवईखाली, नाकाच्या दांड्यावर. काळी सावली आमच्या कातडीवर दिसत नाही, म्हणून सावलीत मरून जास्त घाला. गालाला बेबी पिंक नको, विटकरी किंवा मरून. डोळ्यांना वरच्या पापणीवर जाड लायनर, खालच्या पापणीला बाहेरच्या अर्ध्यातच, आणि डोळ्याच्या आतल्या कडेत काळ्याऐवजी फिक्का बदामी रंग, त्याने डोळे मोठे उघडतात.

आणि दुसरी गोष्ट. काटोलच्या बागेत उन्हात राबणारं घर दाखवताय, मृगाचा बार (पावसाळ्यातला बहर) धरणारी, झाडांना पाणी देणारी माणसं. ती गोरीपान दाखवणं म्हणजे नाटकाशीच बेइमानी झाली. तुमची मैत्रीण त्या घरातलीच दिसते, हे तुमच्या नाटकाचं बळ आहे. बापाचं काम करणाऱ्याला उलट एक पायरी गडद करा, नाक आणि मानेची मागची बाजू जास्त, आणि टोपीखालचं कपाळ फिकं ठेवा. परीक्षकांना ते दिसतं.

तिला माझ्याकडून सांगा की तिचा रंग बदलायचा नाही. हे ग्रुपने तिच्यासमोर बोलायला पाहिजे, ती स्वतः बोलणार नाही.

---

प्रकाशझोत_ऑपरेटर

+१. आणि लाइटच्या बाजूने, सावळ्या नटांसाठी बाजूचे लाइट वाढवा. समोरून नुसता जोर वाढवून काही होत नाही, बाजूने आलं की गालाची, जबड्याची कड उठते. मागची भिंत पण गडद रंगवू नका, गेरूसारखा किंवा मातकट मधला रंग ठेवा, म्हणजे चेहरे भिंतीत बुडत नाहीत.

---

त्रिमूर्तीनगरची_नाट्यवेडी

ताई, तुमचा रिप्लाय मी काल तालमीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. ज्येष्ठ सदस्यांनी ऐकून घेतलं, आणि रविवारी समाजभवनात लाइटवाल्याकडून दोन पार भाड्याने आणून चाचणी करायचं ठरलं, ते स्वतः शेवटच्या रांगेत बसणार आहेत. मैत्रीण दिवसभर उड्या मारून राहिली. स्टिका आज बर्डीवरून आणल्या, पक्क्या बिलाने, आणि सगळ्यांच्या कानामागे थोडं थोडं लावून ठेवलंय.

शेवटचा एक प्रश्न. प्रयोगानंतर लगेच पुढच्या ग्रुपला रंगपट (मेकअपची खोली) द्यावा लागतो, तर मेकअप पटकन काढायला काय न्यायचं?

---

औषधवाली_धरमपेठ

वेट वाइप्सने घासत बसू नका, स्टिकचा बेस त्याने निघत नाही, नुसता पसरतो आणि कातडी लाल होते. खोबरेल तेल किंवा कोल्ड क्रीम, माणशी दोन चमचे धरून चला, आणि जुन्या मऊ सुती साडीचे धुतलेले तुकडे, प्रत्येकाला दोन. तेल कोरड्या चेहऱ्यावर चोळायचं, पाणी लावायच्या आधी, रंग सुटला की फडक्याने पुसायचा, डोळे मिटून वरून खाली. मग फेसवॉश घरी जाऊन केला तरी चालतो, पण झोपायच्या आधी नक्की. थंडीत खोबरेल गोठतं, बाटली खिशात ठेवा नाहीतर आधीच वाटीत काढून गरम पाण्यात धरा. कचऱ्याची पिशवी आपली न्या.

---

वडश्याचा_भाऊ

मिशीचा रिमूव्हर त्या पोराच्या बॅगेत आधीच टाकून ठेवा, तेलानं मिशी निंघत नाही. आन् तारीख लागली का इथं टाका, त्या दिवशी नागपुरात असलो तं येतो पाहाले.